वायनरीचं आंबट पाणी आणि बुरशीची टाकी
(मराठवाड्यातील आमच्या वायनरीधारक ग्राहकांसाठी)

वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते. विहिरींची पातळी खाली जायची वेळही तीच. एका लिटर वाइनमागे टाक्या, प्रेस, फरशी धुण्यात साधारण एक ते चार लिटर सांडपाणी निघतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आपण पाहिला आहे. म्हणून वायनरीचं सांडपाणी ओढ्यात सोडून मोकळं व्हावं, हे आम्हाला पटत नाही.

या पाण्यात साखर, अल्कोहोल, आम्लं आणि द्राक्षाच्या सालीतली तुरट, रंगीत द्रव्यं असतात. एक लिटर वाइन सांडून हजार लिटर स्वच्छ पाण्यात गेली, तर त्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅमने वाढतो. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे २५० ची!

सांडपाणी शुद्ध करायच्या नेहमीच्या टाकीतल्या जिवाणूंना आंबट पाणी सोसत नाही, म्हणून चुन्याची पोती ओतावी लागतात. तुरट द्रव्यांनीही ते मंदावतात. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या पांढऱ्या बुरशीचं उलटं आहे. पीएच ४ ते ५ हे तिचं घरच. आपल्याकडे पिकणारी धिंगरी अळिंबी याच कुळातली. लाकूड पचवण्यासाठी ती लॅकेज नावाचं विकर (एन्झाइम) बाहेर सोडते आणि तेच विकर सालीतली तुरट द्रव्यं फोडतं. साखर आणि अल्कोहोल तर तिचं अन्नच.

आम्ही तुराट्या-पऱ्हाट्यांच्या तुकड्यांवर बुरशी वाढवून ती टाकीत ठेवतो आणि खालून हवा सोडतो. या पाण्यात नत्र कमी असतं, म्हणून थोडा युरिया लागतो. बुरशीला २५ ते ३० अंश तापमान मानवतं, त्यामुळे आपल्या उन्हात टाकीवर शेड हवीच. त्यात काटकसर करू नका. एवढ्यावर पाणी पूर्ण शुद्ध होत नाही. पुढे जिवाणूंची टाकी लागतेच, पण तिच्यावरचा भार बराच हलका होतो.

एक गोष्ट मात्र बुरशीच्या हातची नाही. कॉस्टिक सोड्याने टाक्या धुतल्या की त्यातलं सोडियम पाण्यात तसंच राहतं. ते पाणी काळ्या जमिनीला वर्षानुवर्षं दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते, आणि चोपण जमीन सुधारायला किती वर्षं जातात हे शेतकऱ्यालाच विचारा. म्हणून सोडा मोजून वापरा. जमेल तिथे पोटॅशचं कॉस्टिक घ्या, तेही बेतानेच. चोथा आणि तळगाळ पाण्यात जाऊ देऊ नका, आधी फावड्याने उचला. तो खताच्या खड्ड्यात चालतो, टाकीतून काढलेली जुनी बुरशीही तिथेच घाला.

टाकीचा आकार ठरवायला पाण्याचा नमुना लागेल. तो ऐन तोडणीतला द्या, शक्यतो प्रेस धुतल्याच्या दिवशीचा. पावसाळ्यातलं पाणी पातळ असतं. त्यावरून बांधलेली टाकी हंगामात अपुरी पडेल.