दुर्बिणीच्या आकृतीतल्या रेषा

पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर आहे. शाळेच्या पुस्तकात अशी दुर्बीण दोन आरसे आणि चार किरणांत संपते: मुख्य अंतर्वक्र आरसा प्रकाश गोळा करतो, दुय्यम बहिर्वक्र आरसा तो मुख्य आरशाच्या मध्यछिद्रातून मागे पाठवतो आणि तेथे प्रतिमा उमटते. आकृती बरोबर आहे, पण तिच्यावरून दुर्बीण बांधता येत नाही. बांधणारे वापरतात त्या आकृत्या प्रणाली अभियांत्रिकीच्या, म्हणजे अनेक भाग एकत्र मिळून कसे काम करतील याचा विचार करणाऱ्या शाखेच्या असतात. चाकण-पिंपरीच्या मोटार उद्योगातल्या अनेकांना त्या परिचित वाटतील. त्यांत भागांच्या चौकटी असतात आणि चौकटींना जोडणाऱ्या रेषा असतात, आणि माझ्या मते दुर्बीण समजून घ्यायची तर आधी रेषाच वाचाव्यात.

दुय्यम आरसा आणि त्याला धरून ठेवणारा पोलादी सांगाडा यांना जोडणारी रेषा घेऊ. पुस्तकातल्या आकृतीत सांगाडा नसतोच. प्रत्यक्षात ४ मीटर लांबीचा सांगाडा रात्रीतून १० अंशांनी थंड झाला, तर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखडतो. मुख्य आरशाचे नाभीय अंतर ६ मीटर आणि दोन्ही आरशांचे मिळून २० मीटर असेल, तर या अर्ध्या मिलिमीटरची नाभीपाशी सुमारे बारा पट होते, म्हणजे नाभी ६ मिलिमीटरने सरकते आणि ताऱ्याचा बिंदू ६ विकलांची चकती होऊन बसतो (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आरसा कितीही अचूक घासलेला असला, तरी त्याचा येथे उपयोग नाही. म्हणून आकृतीत सांगाड्यापासून तापमापकाकडे, तेथून नियंत्रण संगणकाकडे आणि पुढे दुय्यम आरसा पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेकडे रेषा काढाव्या लागतात, आणि प्रत्येक रेषेवर काय वाहते, किती अचूकतेने आणि किती वेळात, हे लिहावे लागते.

याच आकृत्यांत चुकांचा ताळेबंदही मांडतात. समजा, वातावरणामुळे ताऱ्याचे बिंब १.२ विकला पसरते, घुमटातल्या गरम हवेमुळे ०.५, ताऱ्याचा माग घेण्यातल्या चुकीमुळे ०.४ आणि आरशाच्या दोषामुळे ०.३. या चुका एकमेकींवर अवलंबून नसल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, उत्तर १.३९ येते. आता भरपूर खर्च करून आरशाचा दोष निम्मा केला, तरी बिंब १.३७ वरच थांबते. घुमटातली हवा खेळती ठेवून तिचा वाटा निम्मा केला, तर मात्र ते १.३२ वर येते. पंखे आणि झडपा आरशापुढे किरकोळ वाटतात खऱ्या, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे.

आणखी एक रेषा अपेक्षेपासून पडताळणीकडे जाते: अमुक गुण हवा आणि तो अमुक चाचणीने तपासला जाईल. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता, कारण तो तपासणाऱ्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या, साध्या उपकरणाने दोष दाखवला होता, पण ते कमी अचूक मानले गेल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. आरसा घासणे आणि आरसा तपासणे ही दोन्ही कामे एकाच उपकरणाच्या भरवशावर चालली होती. आकृतीत दोन्ही रेषा एकाच चौकटीत जाऊन मिळताना दिसल्या असत्या; त्यावर कोणी बोट ठेवले असते का, हा प्रश्न वेगळा. दोष दूर व्हायला १९९३ चा डिसेंबर उजाडला.

भारताचा सहभाग असलेल्या नियोजित तीस मीटर दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे ४९२ षट्कोनी तुकडे असतील आणि प्रत्येकाला हलवायला तीन यंत्रणा, म्हणजे एकूण १४७६. एवढ्या रेषा कागदावर मावत नाहीत. त्यामुळे सिसएमएल या चित्रभाषेत संगणकावर एकच प्रारूप ठेवतात आणि आकृत्या त्यातूनच काढतात, जेणेकरून एका ठिकाणचा आकडा बदलला की त्याला जोडलेला प्रत्येक हिशेब पुन्हा तपासता येतो.