रोमच्या अमलातले पर्गमॉनचे नाणे

इ. स. पू. १३३ मध्ये पर्गमॉनचा राजा तिसरा अ‍ॅटलस वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार राज्य रोमकडे गेले. गादीवर हक्क सांगणाऱ्या अ‍ॅरिस्टॉनिकसचे बंड मोडून काढल्यावर आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला हा मुलूख रोमचा ‘आशिया’ प्रांत झाला. तिथले सिस्टोफोरस हे चांदीचे नाणे मात्र चालूच राहिले.

नाण्यावर राजाचा चेहरा नव्हताच. पुढच्या बाजूला डायोनायसस या ग्रीक मद्यदेवाच्या पूजेतली करंडी, तिच्यातून बाहेर येणारा साप, भोवती आयव्हीच्या वेलीचे कडे. मागे दोन सापांमध्ये धनुष्याची पिशवी. खरी मेख वजनात आहे. शेजारच्या ग्रीक प्रदेशांत चार द्राख्मांचे (द्राख्मा हे ग्रीक चलनाचे एकक) नाणे सुमारे १७ ग्रॅमचे, तर हे जेमतेम १२.६ ग्रॅमचे, म्हणजे तिथल्या तीन द्राख्मांइतके. राज्यात ते चार द्राख्मांचे म्हणून चाले. बाहेर नेणाऱ्याला तोटा होई. त्यामुळे चांदी राज्यातच फिरत राही.

रोमने ही घडी मोडली नाही. इफेसस, ट्रॅलीस, अपामिया इथल्या टांकसाळी तीच नाणी पाडत राहिल्या. माझ्या मते यामागे औदार्य नव्हते, सोय होती. इ. स. पू. १२३ मध्ये रोमन लोकाधिकारी गायस ग्रॅकसने या प्रांताच्या करवसुलीच्या ठेक्याचा लिलाव रोममध्ये करण्याचा कायदा केला. तयार चलन असताना ठेकेदारांना नवे कशाला हवे होते?

बडे रोमन पुढारीही या चलनात पैसा बाळगत. वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या एका पत्रात त्याची आशियातली सुमारे २२ लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणे) रक्कम सिस्टोफोरसमध्ये असल्याचा उल्लेख आहे. त्याआधी, इ. स. पू. ५१-५० मध्ये तो शेजारच्या सिलिशिया प्रांताचा अधिकारी असताना, तेव्हा त्याच्या अमलाखालच्या फ्रिजिया भागातल्या टांकसाळींनी त्याच्या नावाचीही नाणी पाडली होती. त्या दशकातली ही पद्धतच: करंडी आणि साप जुनेच, स्थानिक अधिकाऱ्याचे नाव ग्रीकमध्ये आणि रोमन प्रांताधिकाऱ्याचे लॅटिनमध्ये. एका नाण्यावर दोन सत्ता इतक्या उघडपणे शेजारी बसलेल्या क्वचितच दिसतात.

चेहरा आला तो इ. स. पू. ३९ च्या सुमारास, रोमन सेनानी मार्क अँटनीचा, सोबत त्याची पत्नी ऑक्टेव्हियाचा. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने आपली छबी टाकली, लेख पूर्ण लॅटिन केला. त्याच्या काळी एक सिस्टोफोरस तीन देनारियसला, म्हणजे रोमच्या तीन चांदीच्या नाण्यांना, चाले. पुढे दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनच्या टांकसाळींनी अँटनी आणि ऑगस्टसची झिजलेली नाणी गोळा करून त्यांच्यावरच नवा ठसा मारला. काहींवर जुन्या छापाच्या खुणा अजूनही ओळखू येतात.