वार्धक्यातील बोधनक्षमतेचा ऱ्हास : लोकसंख्याविषयक व आरोग्यविषयक घटक

उतारवयात स्मरण, अवधान, भाषा, नियोजन आणि विचाराचा वेग यांत होणारी घट म्हणजे बोधनक्षमतेचा ऱ्हास. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सगळ्यांना एकाच मापाने मोजते. प्रत्यक्षात विचाराचा वेग साठीच्या बराच आधी मंदावू लागतो, तर शब्दसंग्रह बहुधा सत्तरीतही शाबूत असतो. घट चाचणीत दिसते, पण रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे जमतात, त्या अवस्थेला सौम्य बोधनदोष म्हणतात. व्यवहारही जमेनासे झाले की तो स्मृतिभ्रंश.

सर्वांत प्रबळ घटक वय. पासष्टीनंतर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण साधारणपणे दर ५ वर्षांनी दुप्पट होते. रुग्णांत स्त्रिया जास्त आढळतात, आणि त्याचे एक मोठे कारण त्यांचे दीर्घायुष्य हेच आहे. एपीओई नावाच्या जनुकाच्या ई४ प्रकाराने अल्झायमरची, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेल्या आजाराची, जोखीम वाढते. तो नसलेल्यांनाही हा आजार होतोच.

कमी शिकलेल्यांत ऱ्हास अधिक आढळतो, पण शिक्षणाचा हा घटक दिसतो तितका सरळ नाही. १९७५ पासून वापरात असलेल्या ३० गुणांच्या एमएमएसई या बोधनक्षमतेच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणे, एक वाक्य लिहिणे असे प्रश्न असतात. शाळेत फारसे न गेलेला माणूस येथे मुळातच मागे पडतो, मग त्याचा मेंदू कितीही तल्लख असो. मोका या अशाच दुसऱ्या चाचणीत म्हणूनच १२ किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. त्याच व्यक्तींची वर्षानुवर्षे तपासणी केली, तर शिक्षणामुळे गुणांची पातळी वेगळी दिसते. घसरणीचा वेग फारसा बदललेला दिसत नाही. मेंदू-मानसशास्त्रज्ञ याकोव्ह स्टर्न यांनी मांडलेली ‘बोधनात्मक राखीव क्षमते’ची कल्पना याचा एक अर्थ लावते : गंगाजळी मोठी असेल तर मेंदूची तेवढीच हानी होऊनही लक्षणे उशिरा दिसतात. साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास केला. विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी होती, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर अधिक आढळला. आता हे राखीव क्षमतेचे माप म्हणायचे की आजाराची दूरची चाहूल?

आरोग्याच्या घटकांतही कारण आणि परिणाम असेच एकमेकांत गुंततात. मध्यमवयातील उच्च रक्तदाब आणि लठ्ठपणा धोक्याचा. पण स्मृतिभ्रंश उघड होण्याआधीच्या काही वर्षांत रक्तदाब आणि वजन दोन्ही उतरू लागतात. ऐंशीतल्या माणसाचे एकदाच मोजमाप घेतले, तर बारीक असणेच घातक वाटावे! नैराश्यही कधी कारण असते, कधी आजाराचे पहिले लक्षण. मधुमेह, धूम्रपान, डोक्याला झालेली इजा, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा यांचाही संबंध आढळतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले. दृष्टिदोष आणि एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांची भर त्याच वेळी पडली. हे सारे घटक दूर झाले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्याचा हिशेब आहे. तो संपूर्ण लोकसंख्येचा आहे, एकेका माणसाला मिळणारी हमी नव्हे. प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष अधिक सावध आहेत. स्प्रिंट-माइंड चाचणीत (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बोधनदोष १९ टक्क्यांनी कमी आढळला, स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही. श्रवणयंत्रांच्या २०२३ मधील अचीव्ह चाचणीत एकूण सहभागींना लाभ दिसला नाही. आधीपासून जोखीम जास्त असलेल्या गटात तो दिसला.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदगती आणि काही झोपेची वा ॲलर्जीची औषधे यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. उपचाराने ती बऱ्याचदा सुधारतात, म्हणून निदानापूर्वी त्यांची तपासणी आधी होते.