जड बाईकला कॅम कुठला? आधी दार कधी मिटतं ते बघा

आमच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड हार्ले-डेव्हिडसन रोड किंग घेतली, ट्विन कॅम 103 इंजिनवाली, आणि तेव्हापासून रत्नागिरीत दादाकडे गाडी आहे की गाडीकडे दादा आहे हेच कळेनासं झालंय. 1690 सीसी, पेट्रोल-ऑइल भरून पावणेचारशे किलोच्या आसपास वजन, त्यावर दादा, वहिनी आणि दोन डिक्क्या भरून सामान. परवा त्याने मला तीन कॅमचे तक्ते व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, "सगळ्यात जास्त हॉर्सपॉवरवाला घेतो, चालेल ना?"

मी लिहिलं, थांब रे बाबा, संध्याकाळी येतो.

आता ज्यांनी इंजिन उघडलेलं बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅम म्हणजे एक दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व खाली दाबून उघडतो. क्रँकचे (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. ट्विन कॅममध्ये असे दोन दांडे आहेत, एकेका सिलिंडरला एकेक (2017 च्या मॉडेलपासून जे मिलवॉकी-एट इंजिन आलं त्यात परत एकच दांडा आणि व्हॉल्व मात्र आठ). इंजिन 2500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2500 फेऱ्यांनी, फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला साधारण 21 वेळा उघडतो आणि मिटतो. कधी उघडायचं, किती उघडायचं, कधी मिटायचं, हे सगळं त्या अंड्याच्या आकारात कोरून ठेवलेलं असतं. म्हणून कॅम बदलला की इंजिन तेच राहतं पण त्याचा स्वभाव बदलतो.

दादाच्या तिन्ही तक्त्यांत आकड्यांची खच्चून भरती होती, लिफ्ट, ड्युरेशन, ओव्हरलॅप, सेंटरलाइन, काय न् काय. मी एकाच आकड्यावर बोट ठेवलं. इनटेक क्लोज. म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व, पिस्टन तळाला पोचून परत वर निघाल्यावर किती अंशांनी मिटतो. एका कॅमला तो 30 च्या घरात होता, दुसऱ्याला चाळिशीत आणि दादाच्या लाडक्याला 50 च्या आसपास.

दादा म्हणाला, "पिस्टन वर निघाला तरी दार उघडंच? मग आत घेतलेलं बाहेर नाही का जाणार?"

बरोबर प्रश्न. माझी मावशी शिरोड्याला राहते, तिथली मिठागरं लहानपणी खूप बघितलीत. उधाणाच्या भरतीला बांधाचं दार उघडतात आणि खाडीचं पाणी आत घेतात. आता गंमत अशी की खाडीतली भरती शिगेला पोचली म्हणून दार लगेच पाडलं तर आतला साठा अर्धवट राहतो, कारण दार अरुंद, पाणी आत यायला वेळ लागतो, बाहेर ओहोटी सुरू झाली तरी आतली पातळी अजून खालीच असते म्हणून पाणी आत येतच राहतं. पण त्यानंतरही दार उघडं ठेवून कोणी पान खात बसला तर आलेलं पाणी परत खाडीत. दोन्ही पातळ्या जुळल्या की दार पाडायचं, सगळी अक्कल तेवढ्यात.

सिलिंडरचं अगदी तसंच आहे, फक्त इथे भरतीचा वेग रोज नाही, दर क्षणाला बदलतो. 2500 आरपीएमला क्रँकचे 30 अंश म्हणजे 2 मिलिसेकंद, 5000 ला तेच 30 अंश 1 मिलिसेकंदात संपतात. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात पिस्टन तळाला पोचेपर्यंत सिलिंडर बऱ्यापैकी भरून झालेला असतो, मग दार उशिरा मिटलं तर वर येणारा पिस्टन घेतलेलं मिश्रण परत पाइपात ढकलतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात मात्र भरायला वेळच पुरत नाही, त्यात पाइपातली हवा एकदा पळायला लागली की तिला स्वतःचा झोक असतो, ती पिस्टन वर निघाल्यावरही आत घुसत राहते, तिथे उशिरा मिटणारं दार फायद्याचं. म्हणजे एकच कॅम सगळ्या आरपीएमला बेस्ट असूच शकत नाही. कुठल्यातरी एका पट्ट्यासाठी तो बनवलेला असतो आणि बाकी ठिकाणी तो तडजोड करतो.

ढोबळ गणित करून दाखवलं दादाला. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 98.4 मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 111.1 मिमी, एक सिलिंडर 845 सीसीचा. व्हॉल्व 30 अंशांना मिटला तर तोपर्यंत पिस्टन स्ट्रोकच्या फक्त 5 टक्के वर आलेला असतो. 50 अंशांना मिटला तर 13-14 टक्के. म्हणजे कमी आरपीएमला 845 सीसीचा सिलिंडर 730 सीसीसारखा वागतो, आणि कागदावर 9.6 असलेलं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) प्रत्यक्षात साडेआठच्याही खाली येतं. पैसे भरून इंजिन लहान करून घ्यायचा प्रकार! (एक बारीक गोष्ट, हे अंश टॅपेट 0.053 इंच उचलला गेल्यावरचे मोजतात, व्हॉल्व खरा पूर्ण मिटतो तो अजून थोडा नंतर. हार्लेच्या कॅमना हीच पद्धत आहे, पण कारच्या कॅमशी तुलना करायला गेलात तर फसाल, तिथे बहुतेकदा 0.050 धरतात.)

"बरं पण मी चालवतो किती आरपीएमला?" दादाने विचारलं, आणि हा प्रश्न त्याने दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता असं माझं मत.

मग रविवारी मोबाइल टॅकोमीटरकडे, म्हणजे आरपीएमच्या काट्याकडे, तोंड करून बांधला आणि निघालो. रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे, तिथून जयगड, फेरीबोटीत गाडी चढवून तवसाळ आणि पुढे गुहागर. संध्याकाळी मासे खाऊन झाल्यावर व्हिडिओ बघत बसलो. काटा जवळजवळ पूर्ण दिवस 1800 ते 3200 मध्ये. चार हजारच्या वर गेला तो मोजून दोनदा, त्यातला एकदा तर दादा मला दाखवायला म्हणून मुद्दाम पिळत होता. हायवेला, म्हणजे आपल्या 66 नंबरला, सहाव्या गियरमध्ये 90-100 ला जाताना पण हे इंजिन दोन-सव्वादोन हजारालाच असतं. आणि दादाचा लाडका कॅम खरा जागा होतो तो चार हजारच्या पुढे. म्हणजे वर्षातून दोन मिनिटं.

हॉर्सपॉवरच्या आकड्याने माणूस का भुलतो तेही सांगतो. ताकद म्हणजे टॉर्क (दांडा फिरवणारा जोर) गुणिले आरपीएम, न्यूटन-मीटर आणि आरपीएमचा गुणाकार करून 9549 ने भागलं की किलोवॅट येतात. समजा दोघं जण आणि सामान धरून साडेपाचशे किलोचा ऐवज ट्रकमागे 60 ला चाललाय आणि 4 सेकंदात 90 ला न्यायचाय. हवेचा विरोध सोडला तरी त्याला 24 किलोवॅट लागतात, साधारण 32 हॉर्सपॉवर. ही ताकद 2500 आरपीएमला काढायची तर 92 न्यूटन-मीटर टॉर्क हवा, 4500 ला काढायची तर 51 पुरे. म्हणून वरच्या आरपीएमचा कॅम तक्त्यात भारी दिसतो, पण ती ताकद हवी तर दोन गियर खाली पाडून इंजिन बोंबलवायला हवं, मागे वहिनी बसलेल्या असताना. जड टूरिंग गाडीची मजा काय असते, मनगट जरा वळवलं की गाडी न बोलता पुढे सरकते. ती मजा अडीच हजाराच्या टॉर्कमध्ये असते, डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) आलेखाच्या शेवटच्या टोकाला नसते.

लिफ्टबद्दल लोक फार बोलतात, मला त्यात एवढं काही वाटत नाही. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व किती उघडतो ते, जितका जास्त तितकी वाट मोठी हे खरं, पण व्यासाच्या पाव भाग उघडला की बाजूची वाट आणि पोर्टचं तोंड सारखंच होतं, 45 मिमीचा व्हॉल्व असेल तर सव्वाअकरा मिमीला. त्यापुढे फायदा असतो पण आटत जातो. आणि इथेच 'बोल्ट-इन' शब्दाचा अर्थ येतो. बोल्ट-इन म्हणजे हेड न उतरवता, स्प्रिंग न बदलता, काही न घासता बसणारा कॅम. ट्विन कॅममध्ये हे प्रकरण अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिमीच्या जवळपासच्या लिफ्टपर्यंत चालतं. त्याच्या बरंच पुढे गेलात तर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकतात, स्प्रिंगची वरची टोपी, म्हणजे रिटेनर, खालच्या सीलवर आपटते, नाहीतर व्हॉल्व पिस्टनला भेटायला जातो आणि ती भेट महागात पडते. तुमच्या वर्षाच्या मॉडेलला त्या कॅमचा बनवणारा स्वतः काय सांगतो तेच धरायचं.

ओव्हरलॅपचं थोडक्यात, एक्झॉस्ट, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व, मिटायच्या आधी इनटेक उघडतो तो काळ. तो जास्त असेल तर उभ्या गाडीत इंजिन लंगडत, धडधडत बोलतं आणि ते ऐकायला पोरं जमतात. पण त्याच वेळी जळलेला वायू इनटेकमध्ये परत येतो, तिथल्या दाबावर नजर ठेवून पेट्रोल ठरवणारा ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गोंधळतो, आणि फेरीबोटीच्या रांगेत गाडी गचके खाते. दादाला आवाज हवा होता हे मला माहीत होतं. त्याने कबूल केलं नाही.

आता आपल्याकडची हवा. मे महिन्यात 33 डिग्री आणि 75 टक्के दमटपणा असेल तर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेच्या दर शंभर भागांत जवळजवळ चार भाग नुसती वाफ असते, जी जाळायला काही कामाची नाही. वर गरम हवा पातळ, 15 डिग्रीच्या हवेपेक्षा 35 डिग्रीची साडेसहा टक्क्यांनी हलकी. त्यामुळे परदेशी तक्त्यातले आकडे जसेच्या तसे इथे मिळतील ही आशा सोडा. आणि लवकर मिटणाऱ्या कॅमची दुसरी बाजूही ऐका, तो सिलिंडर चांगला भरतो म्हणजे दाब वाढवतो, आणि हवेवर थंड होणारं इंजिन गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये माणगावला तासभर अडकलं की मागचा सिलिंडर तापून नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटणं, सुरू होऊ शकतं, तो खळखळ आवाज आला की थ्रॉटल सोडायचा. म्हणून कॉम्प्रेशन कंपनीचं आहे तेवढंच ठेवून लवकर मिटणारा कॅम ठीक. त्यासोबत कॉम्प्रेशन वाढवायला पातळ गॅस्केट आणि उंच पिस्टन पण टाकायचे असतील तर मग हाच कॅम इथल्या उकाड्यात डोकेदुखी होईल, तेव्हा जरा उशिरा मिटणारा घ्यावा.

ट्यूनिंगचा खर्च आधीच धरायचा. बोल्ट-इन म्हणजे बसवला आणि निघालो असं नाही, सिलिंडर वेगळा भरायला लागला की पेट्रोलचा आणि ठिणगीचा हिशोब बदलतो. त्यात पंपावर 20 टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला दर किलोमागे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च, त्यामुळे दुसऱ्या देशातला तयार मॅप (ईसीयूतला पेट्रोल-ठिणगीचा तक्ता) आणून टाकणं मला पटत नाही. कायद्याचंही बघून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत बदल करण्यावरच आहे.

शेवटी दादाने 30 च्या घरातला घेतला, थोडा फुगून. कव्हर उघडलंच आहे तर आतली नीडल बेअरिंग आणि टॅपेटही बदलून घेतले, ते काम परत उघडून करायचं म्हणजे मजुरी दुप्पट. पुशरॉड अॅडजस्टेबल, म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारे, घेतले म्हणून टाकी आणि रॉकरचे डबे खोलावे लागले नाहीत. त्याची गाडी 2007 नंतरची, कॅमची चेन ताणून धरणारे टेन्शनर हायड्रॉलिक, ते ठीक निघाले. 1999 ते 2006 ची ट्विन कॅम असेल तर चेनवर स्प्रिंगने दाबून बसणारे प्लॅस्टिकचे बूट असतात, ते झिजून त्यांचा चुरा ऑइलमध्ये जातो, तिथे कॅमचा विचार करायच्या आधी ते बघायचे.

ट्यूनिंग करून आल्यावर पुन्हा आरे-वारेला गेलो. वरच्या वळणाला दादा नेहमी तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा. या वेळी टाकला नाही, तिसऱ्यातच गाडी चढली. वर थांबून समुद्राकडे बघत म्हणाला, "पिकअप मस्तच आहे रे. पण आवाज मेला तसाच राहिला."