काळ्या एबोनाइटपासून लॅकरपर्यंत : फाउंटन पेनांच्या रूपांमागचा इतिहास

सोलापुरात फाउंटन पेनांचा संग्रह बहुधा घरातूनच सुरू होतो. गिरणीत कारकून असलेल्या आजोबांचे विल्सन, शिक्षिका असलेल्या आत्याचे सोनेरी टोपणाचे पेन, परीक्षेसाठी घेतलेले हिरो अशी दोन-चार पेने कपाटाच्या खणात सापडतात, पुढे त्यांत विकत घेतलेल्या पेनांची भर पडते आणि मग ती काचेखाली नीट मांडून ठेवावीत असे वाटू लागते. अशी मांडणी सहसा रंगानुसार किंवा किमतीनुसार केली जाते. माझ्या मते ती पेन ज्या पदार्थाचे घडले आहे त्यानुसार करावी, कारण पेनाचे जवळजवळ प्रत्येक नवे रूप आधीच्या पदार्थातील एखाद्या उणिवेवर उपाय म्हणून पुढे आले आहे.

न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात निबेखालच्या जिभेला बारीक खाचा होत्या. शाई जितकी उतरेल तितकी हवा आत जाऊ लागली आणि पेन भरवशाचे झाले. त्या काळची पेने मुख्यतः एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून तापवलेल्या कडक रबराची असत. आम्लयुक्त शाईने धातू गंजतो, एबोनाइटला मात्र ती बाधत नाही आणि लेथवर ते सुरेख कातता येते. त्याची अडचण रंगाची होती. काळा, तांबडा आणि या दोहोंच्या मिश्रणातून उमटणाऱ्या लहरी यांपलीकडे त्याच्यात फारसे काही साधत नसे. म्हणूनच श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी काळ्या नळीवर चांदीची जाळी किंवा सोन्याचा पातळ पत्रा चढवण्याची प्रथा पडली. 1921 मध्ये पार्कर कंपनीने ‘ड्युओफोल्ड’ हे जाडजूड, नारिंगी-तांबड्या एबोनाइटचे पेन 7 डॉलरला बाजारात आणले. काळ्या पेनांच्या गर्दीत त्या रंगानेच लोकांचे लक्ष वेधले, आणि पेनाचा रंग ही विक्रीची बाजू ठरू शकते हे इतर उत्पादकांच्याही ध्यानात आले.

रंगांची खरी मुभा सेल्युलॉइड या प्लास्टिकने दिली. शेफर कंपनीने 1924 मध्ये जेड दगडासारख्या हिरव्या सेल्युलॉइडचे पेन आणले आणि त्यानंतर दोन वर्षांत पार्करनेही एबोनाइट सोडून तीच वाट धरली. मोत्यासारखी चमक, संगमरवरी शिरा, एकावर एक पातळ थर बसवून काढलेले आडवे पट्टे हे सारे पुढच्या दहा-बारा वर्षांत आले. 1933 च्या सुमारास आलेल्या पार्करच्या ‘व्हॅक्युमॅटिक’मध्ये तर त्या पट्ट्यांमधून आतली शाई दिसत असे. सोलापुरी चादरीची नक्षी जशी कापडावर छापलेली नसून विणीतच असते, तसा सेल्युलॉइडचा रंग पदार्थाच्या अंगातच असतो. म्हणूनच नव्वद वर्षांचे पेन हलक्या हाताने पुसले, तरी त्याची नक्षी पुन्हा उजळते.

जपानमधली हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. एबोनाइट उजेडात आणि ओलाव्यात राहिले की त्याचा काळा रंग उतरून तपकिरी पडतो. 1918 मध्ये स्थापन झालेल्या नामिकी कंपनीने, जी पुढे पायलट या नावाने ओळखली गेली, या दोषावर उपाय म्हणून 1920 च्या दशकात एबोनाइटवर उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणारे पारंपरिक लॅकर चढवण्यास सुरुवात केली. लॅकरचा थर बसल्यावर त्यावर सोन्याची पूड शिंपडून चित्र काढण्याची ‘माकी-ए’ ही कला पेनावर येणे ओघानेच घडले. 1930 मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि ही पेने युरोपात पोहोचली. आज जगातील अत्यंत महागड्या पेनांत गणले जाणारे हे रूप रंग उडू नये एवढ्याच गरजेतून जन्माला आले.

1941 मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर 51’ची कथाही शाईशीच निगडित आहे. कागदावर झटपट सुकणाऱ्या नव्या शाईपुढे सेल्युलॉइड टिकेना, म्हणून ल्युसाइट हे ॲक्रिलिक वापरले गेले. निब जवळजवळ पूर्ण झाकली गेली, टोपण धातूचे झाले, आणि हे गंभीर, गुळगुळीत रूप जगभर अनुकरणाचा विषय ठरले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले चिनी हिरो त्याच घराण्यातले. 1960 च्या दशकातील ‘पार्कर 75’ने चौकटींची नक्षी कोरलेली चांदी आणली. पुढे पितळेवर चढवलेले रंगीत लॅकर, घासलेले पोलाद आणि मॅट काळा मुलामा ही रूपे रूढ झाली.

भारतातील वाट वेगळी आहे आणि संग्रहात तिला दुय्यम जागा देणे मला पटत नाही. ही वाट स्वातंत्र्यलढ्याच्या काळात सुरू होते. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागू झाला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या शहराचे चार सुपुत्र फासावर गेले. त्याच 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा व्यवसाय सुरू केला, ज्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून 1932 मध्ये पेननिर्मिती सुरू केली. परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशी पोच गांधीजींनी 1935 मध्ये पत्राने दिली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तेव्हा विल्सन आणि मुंबईत तयार होणारी इतर पेने शाळा, कचेऱ्या आणि न्यायालयांत पोहोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम पेनांची आवड होती, आणि त्यांच्या गावोगावच्या पुतळ्यांच्या खिशाला लावलेले पेन शिक्षणाची खूण बनून राहिले आहे. पाश्चात्त्य कंपन्यांनी कधीच बाजूला ठेवलेले एबोनाइट राजमहेंद्री आणि तमिळनाडूतील तिरुवळ्ळूर येथे आजही लेथवर हाताने कातले जाते, आणि त्या पेनांत बहुधा ड्रॉपरनेच शाई भरतात. उष्ण हवेत पेनातली शाई साठवणारी रबरी पिशवी लवकर खराब होते, हे लक्षात घेता ही जुनी पद्धत आपल्याकडे टिकणे स्वाभाविक होते.

सोलापूरच्या हवेत मांडणी करताना हा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे काचेची पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर किंवा प्रखर दिव्याखाली ठेवू नये. उन्हाने एबोनाइट विटते आणि उरुशीची झळाळी जाते. एबोनाइटचे पेन धुताना त्याची बाहेरची बाजू पाण्यात बुडवू नये. सेल्युलॉइडमधून कालांतराने आम्लाची वाफ सुटू शकते, म्हणून ते घट्ट बंद पेटीत, विशेषतः धातूच्या पेनांच्या शेजारी, कोंडून ठेवू नये. फिकट सेल्युलॉइडला आतल्या रबरी पिशवीतील गंधकानेही डाग पडतात, आणि त्याच गंधकाने शेजारची चांदी काळवंडते. ‘पार्कर 75’च्या खाचांमधील काळसरपणा मात्र मी घासून काढू देणार नाही, कारण त्यामुळेच चौकटी उठून दिसतात. सोन्याचा मुलामा तर वारंवार घासल्याने झिजतो आणि खालचे पितळ उघडे पडते. पेटीत ठेवण्यापूर्वी प्रत्येक पेनातील शाई काढून निब आणि जीभ साध्या पाण्याने धुवावी. प्रत्येक पेनाखाली चिठ्ठी असावी आणि तिच्यावर उत्पादकाच्या नावासोबत पदार्थ, शाई भरण्याची पद्धत, अंदाजे दशक आणि घरातले पेन असल्यास ते कोणी कोणत्या कामासाठी वापरले, एवढे अवश्य लिहावे.