फुकट वाटलेल्या नावांना कोटींचा भाव कसा आला

२०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलरला विकलं. त्यासोबत चालता धंदा नव्हता की ग्राहकांची यादी नव्हती. विकलं गेलं ते फक्त नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला डोमेन नाव म्हणतात. १९९५ सालापर्यंत अशी नावं मागेल त्याला फुकट मिळत होती. मग प्रीमियम, म्हणजे चढ्या भावाचं, नाव नेमकं कोणतं? माझ्या मते ते व्यापाऱ्यांपेक्षा न्यायालयांनी जास्त ठरवलं, म्हणून हा इतिहास खटल्यांच्या बाजूने पाहिलेला बरा.

डोमेन नावांची पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. तोपर्यंत जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि ती फाइल सगळीकडे पाठवावी लागे. जाळं वाढलं तसं हे निभेनासं झालं. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. नियम एकच होता : जो आधी मागेल त्याला नाव. मागणाऱ्याचा त्या नावावर हक्क आहे का, हे कोणी तपासत नसे. संशोधक आणि विद्यापीठांच्या छोट्या वर्तुळात तशी गरजही नव्हती.

वेब आलं आणि हे वर्तुळ मोडलं. १९९४ मध्ये जोशुआ क्विट्नर या पत्रकाराने 'मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम' स्वतःच्या नावावर घेऊन दाखवलं. कंपनीने एका शाळेला देणगी दिली, तेव्हा त्याने नाव सोडलं. सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीचं काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्सने पहिल्या २ वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क लावलं. साठेबाजी थांबायला तेवढं पुरेसं नव्हतं. त्याच वर्षी डेनिस टोपेन याने कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचं नाव नोंदवलं आणि त्या पत्त्यावर इलिनॉयमधल्या पॅना नावाच्या गावाचे फोटो लावून ठेवले. कंपनीने नोटीस धाडली तेव्हा त्याने १३,००० डॉलर मागितले. कंपनी नाही म्हणाली, तर त्याने तिच्या 'पॅनाफ्लेक्स' या दुसऱ्या ट्रेडमार्कचंही नाव घेतलं. १९९८ मध्ये अपील न्यायालयात तो हरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा नाव-बळकावणीविरुद्ध कायदा केला. डोमेन नावांचा जगभरचा कारभार पाहण्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेनेही डॉट कॉमसारख्या नावांसाठी तंटा सोडवण्याची एकसारखी पद्धत आणली.

या निकालांनी नावांचे दोन ढीग पाडले. दुसऱ्याचा ब्रँड विकण्यासाठी अडवून ठेवणं धोक्याचं ठरलं. बिझनेस, व्हॉइस, इन्शुरन्स असे शब्दकोशातले सामान्य शब्द मात्र कोणा एकाचे नाहीत, त्यामुळे ते धरून ठेवायला आणि विकायला फारशी आडकाठी राहिली नाही. छोटं, लक्षात राहणारं, पूर्ण शब्दाचं आणि शक्यतो डॉट कॉमचं नाव म्हणजे प्रीमियम, ही आजची समजूत इथून रुजली. 'बिझनेस डॉट कॉम' १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं होतं. दोनच वर्षांत तेच नाव ७५ लाख डॉलरला विकलं गेलं.

पण विकायची वस्तू नक्की कोणाची? याचं उत्तर द्यायला 'सेक्स डॉट कॉम'चा खटला लागला. गॅरी क्रेमेन यांनी हे नाव १९९४ मध्ये 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या आपल्या व्यवसायाच्या नावे फुकट नोंदवलं. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन याने त्या व्यवसायाच्या नावाने एक बनावट पत्र तयार केलं. क्रेमेनना काढून टाकलंय, कंपनीला हे नाव आता नको आहे, कंपनीकडे थेट इंटरनेट जोडणी नसल्यामुळे बदल तुम्हीच करून टाका, असा त्याचा मजकूर होता. 'ऑनलाइन' नाव लावणारी कंपनी इंटरनेट नाही म्हणते, हे नोंदणी करणाऱ्यांना खटकलं नाही. क्रेमेनना एक फोनही न करता नाव कोहेनला देऊन टाकलं गेलं. न्यायालयाने पुढे कोहेनवर साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा केला, पण तो देश सोडून पळाला. तेव्हा क्रेमेन यांनी नोंदणी कंपनीलाच जबाबदार धरलं. फुकट दिलेल्या नावाचं कसलं नुकसान, असा बचाव झाला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता असल्याचं मानलं आणि नोंदणीची तुलना जमिनीच्या तुकड्यावर दावा नोंदवण्याशी केली. या बाजाराच्या इतिहासात मला हाच निकाल सर्वात मोलाचा वाटतो. चोरीला गेल्यावर दाद मागता येणार नसेल, तर त्या वस्तूसाठी कोटी मोजणार कोण?

दरम्यान मधली माणसं उभी राहिली होती. आफ्टरनिक, सेडो यांसारखी खरेदी-विक्रीची ठिकाणं आली. पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायचे, नाव ताब्यात आलं की ते विक्रेत्याला सोडायचे, ही एस्क्रोची पद्धत रूढ झाली. शिवाय २००० नंतर नावं विक्रीआधीच कमावू लागली. लोक पत्त्याच्या पट्टीत सरळ 'अमुक डॉट कॉम' टाइप करून पाहत. त्या रिकाम्या पानावर जाहिराती लावल्या की प्रत्येक क्लिकचे पैसे मिळत. यालाच पार्किंग म्हणतात. नावाची किंमत मग वार्षिक कमाईच्या इतक्या पट अशी निघू लागली.

यातून गैरप्रकारही माजले. नोंदणी ५ दिवसांत रद्द केली तर पैसे परत मिळत. ही सवलत वापरून लाखो नावं फुकट चाखली जात, म्हणजे जाहिरातींतून किती कमाई होते ते पाहून परत केली जात. आयकॅनने २००८-०९ मध्ये परताव्यावर मर्यादा घातली आणि तो धंदा जवळपास एका झटक्यात बंद पडला. २००९ मध्ये तर स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की आपल्याच एका कर्मचाऱ्याने खोट्या नावाने बोली लावून भाव चढवले होते. ज्या बाजारात समोरचा बोली लावणारा कधी दिसतच नाही, तिथे ही फसवणूक फार जिव्हारी लागणारी होती.

२०१२ मध्ये आयकॅनने नव्या शेपट्यांसाठी, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉमसारख्या भागांसाठी, अर्ज मागवले. प्रत्येकी १,८५,००० डॉलर भरून १,९३० अर्ज आले. नव्या रजिस्ट्रींनी, म्हणजे या शेपट्या चालवणाऱ्या कंपन्यांनी, जुन्या चुकीपासून धडा घेतला : चांगले शब्द आधीच बाजूला काढून स्वतःच चढ्या भावाने विकायला ठेवले. अनेक ठिकाणी तर नूतनीकरणाचं शुल्कही दरवर्षी चढंच ठेवलं. डॉट कॉममध्ये हा फायदा पहिल्या मागणाऱ्याला मिळाला होता.

तरी डॉट कॉमचा मान गेलेला नाही. टेस्लाला 'टेस्ला डॉट कॉम' मिळवायला १ कोटी १० लाख डॉलर लागल्याचं इलॉन मस्क यांनी सांगितलं आहे. त्याआधी कंपनी 'टेस्लामोटर्स'वर भागवत होती. अलीकडे 'चॅट डॉट कॉम' चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयकडे गेलं. आणि अँग्विला या छोट्या कॅरिबियन बेटाच्या वाट्याला निव्वळ योगायोगाने 'डॉट एआय' ही शेपटी आली होती, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेलाही 'एआय' म्हणतात. २०२३ मध्ये तिथल्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे पाचवा भाग या नावांतून आला.