चाइल्ड, जूलिया

(१५ ऑगस्ट १९१२ – १३ ऑगस्ट २००४). अमेरिकन पाककलातज्ज्ञ, ग्रंथकर्त्या आणि दूरचित्रवाणीवरील पाककलाशिक्षिका. पूर्वाश्रमीचे आडनाव मॅक्विल्यम्स. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. स्मिथ कॉलेजातून १९३४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’ या गुप्तवार्ता संस्थेत नोकरी केली आणि सिलोनमधील कँडी व चीनमधील कुनमिंग येथे काम पाहिले. त्या हेर होत्या, असा समज रूढ आहे. तथापि गोपनीय कागदपत्रांची नोंद व व्यवस्था हेच त्यांचे मुख्य काम होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच काळात परिचय झालेल्या पॉल चाइल्ड यांच्याशी १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला.

पॉल यांच्या सरकारी नोकरीमुळे हे दांपत्य १९४८ मध्ये पॅरिसला गेले. तोवर स्वयंपाकात विशेष गती नसलेल्या जूलिया यांनी ‘ल कॉर्दाँ ब्ल्यू’ या पाकशाळेत माक्स ब्यून्यार यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. सीमॉन बेक व लुइझेत बेर्तोल यांच्यासह लिहिलेला ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ हा ग्रंथ, आधी एका प्रकाशनसंस्थेने नाकारल्यानंतर, १९६१ मध्ये नॉफ या संस्थेने प्रसिद्ध केला.

बॉस्टनच्या ‘डब्ल्यूजीबीएच’ केंद्रावरून ११ फेब्रुवारी १९६३ रोजी ‘द फ्रेंच शेफ’ ही त्यांची मालिका सुरू झाली. दूरचित्रवाणीवरील पहिल्या पाककर्त्या म्हणून त्यांचा उल्लेख कधीकधी होतो, पण तो टिकत नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीवर मार्सेल बूलेस्तँ यांनी १९३७ मध्येच पाककृती दाखवल्या होत्या. अमेरिकेत जेम्स बिअर्ड यांचा कार्यक्रम १९४६ मध्ये सुरू झाला, आणि डायोन लूकस यांचे कार्यक्रमही ‘द फ्रेंच शेफ’च्या आधीचे आहेत. चाइल्ड यांचे वेगळेपण क्रमापेक्षा अध्यापनात शोधणे योग्य ठरेल. चित्रीकरण बहुधा सलग, न थांबता होत असल्याने चूक झाली तर ती पडद्यावरच सावरावी लागे, आणि ती कशी सावरायची हाच पाठाचा भाग होई. जमिनीवर पडलेली कोंबडी त्यांनी उचलून वाढली, ही आख्यायिका मात्र निराधार आहे. उलटवताना तव्याबाहेर ओट्यावर सांडलेल्या बटाट्याच्या थालीपीठासारख्या पदार्थाच्या प्रसंगातून ती वाढली असावी.

त्यांच्या पद्धतीचा कस फ्रेंच पावाच्या प्रकरणात लागला आणि ते अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये पाव भट्टीवाल्याकडून आणतात, घरी भाजत नाहीत. त्यामुळे घरगुती कृती अशी उपलब्धच नव्हती. ग्रंथाच्या दुसऱ्या खंडासाठी (१९७०) पॉल व जूलिया यांनी अमेरिकन मैदा आणि साधा ओव्हन वापरून दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांत २८४ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो, पीठ खर्ची पडल्याचे नोंदवले जाते. कोंडी फुटली ती पॅरिसमधील पावतज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांच्या मार्गदर्शनाने. पीठ सैल व चिकट असावे, ते संथपणे फुगू द्यावे, पाव वळताना त्याच्या पृष्ठभागावर ताण निर्माण करावा आणि पाते जवळजवळ आडवे धरून चिरा द्याव्यात, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. उरला प्रश्न भट्टीतील वाफेचा. कवच पातळ व कुरकुरीत होण्यासाठी सुरुवातीची काही मिनिटे ओलसर उष्णता लागते. घरच्या ओव्हनमध्ये तापवून लाल केलेली वीट पाण्याच्या भांड्यात सोडून ती साधली आणि भट्टीच्या तळाचे काम ओव्हनमध्ये ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यांवर पाव भाजून भागवले. सुमारे वीस पानांची ही कृती, प्रत्येक पायरीमागील कारणासह, घरगुती पावाच्या लेखनातील महत्त्वाचा टप्पा मानावी लागते.

मालिकेला पीबडी (१९६५) व एमी (१९६६) हे दूरचित्रवाणी क्षेत्रातील पुरस्कार लाभले. फ्रान्सने त्यांना २००० मध्ये ‘लेजिआँ द ऑनर’ हा राष्ट्रीय सन्मान दिला, तर २००३ मध्ये त्यांना अमेरिकेचे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. सहा फूट दोन इंच उंचीच्या जूलियांसाठी पॉल यांनी मुद्दाम उंच ओटे बसवून घेतलेले त्यांचे मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथील स्वयंपाकघर त्यांनी २००१ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला दिले. कॅलिफोर्नियातील माँटेसिटो येथे त्यांचे निधन झाले.